भिंत पास करणारा

त्याचा उजवा कान डाव्यापेक्षा चपटा झाला आहे, असं आम्ही साईटवर म्हणायचो. भिंतीले लावू लावू. खरं-खोटं मी काही मोजून पाह्यलं नाई, पण तो समोरून येताना मले तरी तसंच दिसायचं. उंच, वाळलेला, मान एका बाजूले. मिस्त्री म्हणावं तं थापी धरता येत नव्हती, इंजिनिअर म्हणावं तं पँटीले ठिगळ. त्याचं काम एकच. भिंत बांधून झाली का तिच्या मागच्या खोलीत दार लावून बसायचं अन् बाहेर येऊन सांगायचं, "येते," नाई तं "नाई येत."

आवाज येते का नाई येत, एवढंच. त्याच्या त्या एका शब्दावर आमची भिंत राहायची का पडायची ते ठरत होतं.

वर्ध्यात मोठं नाटकघर बांधून राह्यले होते, तेव्हाची गोष्ट. लोकाईले नाटकघर म्हटलं का खुर्च्या दिसतात, पडदा दिसते. आमचं काम त्या पडद्याच्या मागचं. तिथं नट तोंडाले रंग लावतात त्या खोल्या, देखावे कापा-ठोकायचा मोठा कारखाना, जनित्राची खोली. नाटक चालू असताना मागं कोणी खिळा ठोकला तं समोरच्याले ऐकू नाई आला पाहिजे. अन् मागं आग लागली तं समोरच्या माणसाईले उठून बाहेर जायले वेळ भेटला पाहिजे. म्हणून तिथं एक नाई, दोन भिंती. मधात वीतभर जागा, त्या जागेत दगडाची लोकर. दगड वितळवून कापसासारखा पिंजतात म्हणे. अंगाले लागली का दिवसभर खाजवत राहा. वरून जळत नाई असे बोर्ड.

मी तळेगावचा, श्यामजीपंतच्या. शाळेचं तोंड पाह्यलं तेवढंच, आत बसलो कमी. पण माह्या हातची भिंत या जिल्ह्यात कोणी वाकडी दाखवून द्यावी. फुशारकी मारत नाई, आहे ते सांगतो. अन् ही माही शेवटली भिंत होती. गुडघे गेले होते. रंगमंच अन् कारखान्याच्या मधातली, सगळ्यात उंच, सगळ्यात लांब भिंत मी मागून घेतली होती. म्हटलं, ही उभी करतो अन् थापी धुऊन ठेवतो.

आम्ही त्याले पाठीमागं 'कान' म्हणायचो. तोंडावर भाऊ. तो मले मिस्त्री म्हणायचा.

बोर्डाची गाडी आली का तो आधी त्यातला एक तुकडा मोडायचा अन् फाटकाजवळच्या चहावाल्या मावशीच्या चुलीवर उभा धरायचा. समोरून जाळ, मागून त्याचा तळहात टेकवलेला. बोर्ड काळा पडायचा, मंग लाल व्हायचा, हा हात काढत नव्हता. हाताले चटका बसला तं गाडी वापस. तळहातावर जुने डाग होते त्याच्या, पोळीवर राहतात तसे.

मावशी वैतागायची. "भाऊ, माह्या चहाले जागा ठेवा ना. बोर्ड शिजवून राह्यले तं सांगा, मीठ टाकते."

"मीठ नको. लाकडं टाक आखीन," तो म्हणायचा.

त्याचं एक ठरलेलं बोलणं होतं. "आग अन् आवाज दोघंही चोर. दार नाई पाहत, फट पाहतात." हे तो रोज कोणाले ना कोणाले ऐकवायचा. ठेकेदारालेही.

एकदा वायरमननं माह्या भिंतीतून वायर नेण्यासाठी भोक पाडलं अन् वरून सिमेंटचा गोळा चिपकवून दिला. दुसरा कोणी असता तं शिव्या दिल्या असत्या. यानं बादली उलटी केली, भोकाजवळ ठेवली, तिच्यावर बसला अन् गोळा खरवडून भोकात बोट घातलं. दुपारची सुट्टी झाली, हा तिथंच. मी इच्यारलं, "काय करून राह्यला भाऊ?"

"आग अडवून राह्यलो. मी उठलो का घुसते."

शेवटी वायरमन सोता आला, आग अडवायचा लाल लेप भोकात भरला, तेव्हा यानं बोट काढलं. वायरमन म्हणे, "हे तोंडानं सांगितलं असतं तं चाललं नसतं का?"

"तोंडानं सांगितलेलं तुमी ऐकता कुठं?"

माहं त्याचं पह्यलं भांडण जोडविटीवरून झालं. आमच्यात दोन भिंती जवळजवळ उभ्या केल्या का अधूनमधून एक वीट आडवी घालून दोघीले बांधून टाकतात. माहा बाप तसंच करायचा. न बांधलेली भिंत मले रात्री अंथरुणात सलते. मी पह्यल्या दिवशी सवयीनं विटा आडव्या घातल्या तं हा धावत आला.

"मिस्त्री, काढ ते. या दोघी एकमेकीले शिवल्या नाई पाहिजेत. एक वीट शिवली का आवाज तिच्यावर चालत इकडून तिकडे जाते. मालाचा गोळा मधात पडला तरी जाते."

"माल तं पडनच ना भाऊ. वरून थापी मारतो मी, खाली काय झोळी धरू?"

"धर."

मी रागानं तसंच केलं. जागेच्या रुंदीची फळी घेतली, दोन टोकाले दोरी बांधली अन् मधात सोडली. थर वर चढला का फळी वर वढायची, तिच्यावर पडलेला माल झटकायचा, पुन्हा सोडायची. दोन्ही भिंती वरपर्यंत गेल्या, पण मधात मालाचा खडा नाई. त्यानं बॅटरी लावून वरून आत पाह्यलं. लय वेळ पाह्यलं. मंग बॅटरी बंद केली अन् 'काढ' न म्हणता निघून गेला. त्याच्याकडून तेवढंच भेटत होतं, अन् मले ते पुरत होतं.

म्हणूनच ते "येते" मले एवढं लागलं.

भिंत झाली, लोकर भरली, बोर्ड लागले. कारखान्याच्या बाजूनं लग्नातला ढोलवाला उभा केला. रंगमंचाच्या बाजूनं त्याच भिंतीले लागून तोंड रंगवायची खोली होती, तिथं हा दार लावून बसला. बाहेर आला अन् म्हणे, "येते."

आम्ही सांधे उकलले, पुन्हा भरले. "येते."

कोपरे पाह्यले, दाराची पट्टी बदलली. "येते. पह्यल्यापेक्षा जास्त येते."

नागपूरची इंजिनिअर बाई होती, पोरगीच, पण कामाले पक्की. तिच्याजवळ आवाज मोजायचं यंत्र होतं. ते यंत्र म्हणे भिंत झकास आहे. ती त्याले समजावून सांगायची, "काका, हे बघा ना, काटा हलतसुद्धा नाही." तो यंत्राकडे पाहायचा नाई. अन् ठेकेदार पडला त्याच्या बाजूनं. त्याचं म्हणणं, याच्या कानानं पास केलेल्या भिंतीची आजवर तक्रार आली नाई, यंत्राच्या भिंतीच्या आल्या. बाई म्हणे, "तुम्ही ठरवा, मी लिहून देते की भिंत चांगली आहे." ठेकेदारानं ठरवलं का आठवडी बाजार झाला, मजूर आले, का कारखान्याच्या बाजूची भिंत पाडायची.

मी म्हटलं, "माह्या भिंतीले घण लावन त्याले पहिले माह्या अंगावरून जावं लागन."

ठेकेदार हसला. मी हसलो नाई.

आता त्याच्या राहण्याचं सांगतो. ठेकेदारानं त्याले गावाबाहेरच्या कॉलनीत खोली दिली होती. झाडं, अंगण, शेजारी मास्तर. हा आठवडाभरात सोडून आला अन् रेल्वे लायनीले लागून टिनाची खोली घेतली. गाडी गेली का भांडी वाजायची. त्यातही कूलर बाराही महिने चालू. थंडीच्या दिवसात कान टोपीत, अंगावर दोन दोन चादरी, अन् कूलर घरघर घरघर. चहासुद्धा तो मावशीकडे प्यायचा नाई. समोरच्या पिठाच्या चक्कीजवळ जाऊन उभा राहून प्यायचा, चहात पीठ उडायचं तरी.

"काऊन भाऊ," मी एकदा म्हटलं, "जत्रा लागते काय तुले झोपायले?"

"शांत जागी मले करमत नाई."

बायको होती म्हणे त्याची. मीच काढून इच्यारलं तेव्हा सांगितलं. "गेली माहेरी. म्हणे कूलरसंग नांदन नाई तं तुमच्यासंग, दोघाईसंग नाई होत."

"मंग?"

"मंग काय. कूलर माह्याकडे राह्यला."

हे तो हसवायले सांगायचा अन् लोकं हसायचेही. मीही हसलो. माही बायको वारून तेव्हा फार दिवस झाले नव्हते, पोरगा पुण्यात, घरी गेलो का कुलूप आपल्याच हातानं उघडायचं. एका रयवारी मी त्याले तळेगावले घेऊन गेलतो. म्हटलं, दोघं म्हातारे, भाकर तं सोबत खाऊ. सकाळी विहारात नेलं. वंदना झाली तोवर हा नीट बसला होता. मंग सगळे डोळे मिटून शांत बसले, अन् हा उठून बाहेर. मी मागं गेलो तं रस्त्यापल्याड कोणाचं तरी मळणीयंत्र चालू होतं, त्याच्याजवळ उभा. भुसा अंगावर उडून राह्यला अन् याच्या तोंडावर असा आराम, जसं उन्हातून येऊन माठाजवळ बसला.

गावातले पोट्टे मले म्हणे, "आबा, पाहुणा बरा आणला. विहारापेक्षा त्याले भुसा गोड."

मले तेव्हा राग आला होता. त्याचा.

बाजाराच्या आदल्या दिवशी मी अडून बसलो. म्हटलं, एकदा मी तुह्यासंग आत बसतो. मले आवाज आला तं मी सोता घण उचलतो, दुसऱ्याले उचलू देत नाई. तो म्हणे, "चाल."

दार लावलं. त्या खोलीत मी पह्यल्यांदाच असा दार लावून बसलो होतो. मले माहा गिळलेला थुंका ऐकू आला. गुडघा मोडला तं फांदी मोडल्यासारखं वाटलं. तो भिंतीले कान लावून, डोळे मिटून उभा.

"आली," तो म्हणे.

"काय आली?"

"शिट्टी. बारीक. ऐकून राह्यला ना?"

"ढोल म्हण ना. ढोलवाला आहे तिकडे."

"ढोलाचं नाई म्हणत मी. ढोल तं थांबला असन. ही त्याच्या पल्याडून येते, जनित्राच्या खोलीतून. एकसारखी. मिस्त्री, तुहे कान म्हातारे झाले."

मी दार उघडलं, त्याचा हात धरला अन् त्याले कारखान्यातून, ढोलवाला मावशीकडे चहा पिऊन राह्यला होता त्याच्यासमोरून, सरळ जनित्राच्या खोलीत नेलं. जनित्र अजून आलंच नव्हतं. त्या खोलीत सिमेंटच्या रिकाम्या थैल्या अन् एक तुटकं घमेलं, बाकी काही नाई.

तो त्या थैल्याईकडे पाहत राह्यला. एक पायानं उचलून पाह्यली.

"मंग कुठून येते?" तो म्हणे.

मले कळलं होतं, अन् मले वाटते त्यालेही कळलं होतं, पण तो माह्यासारखाच. कोणी सांगितलेलं घेणारा नाई. म्हणून मी म्हटलं, "उद्या चाल माह्यासंग. जिथं भिंतच नाई तिथं जाऊन ऐकू." ठेकेदाराले सांगितलं, आम्ही येऊ तोवर घण उचलला तं पोलिसात जातो. काय म्हणून जाणार होतो ते मलेही माहीत नव्हतं.

एसटीनं गिरडले गेलो. टेकडीवर दर्ग्यात सगळेच जातात, आम्हीही जाऊन आलो, मंग मागच्या अंगानं उतरून एका दगडाजवळ बसलो. तिथं कोणी येत नाई. वारा होता. पाखरं होती. हा आरामात बसला, पाय लांब केले, म्हणे, "बरं आहे इथं."

मी वारा पडायची वाट पाह्यली. पडला. गवत थांबलं. मी त्याच्या तोंडाकडे पाहून राह्यलो होतो. त्याची मान हळूच एका बाजूले झाली, साईटवर व्हायची तशीच. हात उठला, भिंत शोधल्यासारखा, अन् भिंत नव्हती, तं दगडावर टेकला.

"आली?" मी इच्यारलं.

त्यानं मान हलवली.

म्हणे, "तरुणपणी जिनिंगमध्ये होतो मी. कपाशीच्या हंगामात दिवस-रात मशीनजवळ. तेव्हापासून असन काय?"

"असन."

"मले वाटे सगळ्याईले येते. शांत झालं का येते, असंच असते, असं वाटे."

खाली रस्त्यानं एक ट्रॅक्टर गेला. तो त्या आवाजाकडे वळून बसला, ट्रॅक्टर दिसेनासा होईस्तोवर. मंग बोटावर मोजू लागला. "अकोल्याची एक पाडली मी. गोंदियाची. चंद्रपूरची तं दोनदा. तो चंद्रपूरवाला मिस्त्री रडला होता माह्यासमोर. मी म्हटलं, रडून फट बुजत नाई."

"जाऊ दे."

"चांगल्याच असतीन त्यायच्या भिंती."

मी म्हटलं, "डॉक्टरले दाखवू." तो म्हणे, "डॉक्टर काय भिंत बांधन काय मधात." मंग आम्ही उठलो. उतरताना त्यानं माहा खांदा धरला. गुडघे माहे गेले होते, पण खांदा त्यानं धरला.

दुसऱ्या दिवशी मजूर घण घेऊन उभे. ठेकेदार, इंजिनिअर बाई, ढोलवाला, सगळे. हा आला अन् म्हणे, एकदा बसतो. मले म्हणे, "तूही चाल." आम्ही आत गेलो, दार लागलं. तिकडे ढोल सुरू झाला असन. आम्हाले काय समजते.

यावेळी त्यानं भिंतीले कान लावला नाई. उलट्या डब्यावर बसला, हात मांडीवर.

"मिस्त्री, तुले आता काय ऐकू येते?"

"काईच नाई."

"खरंच काईच?"

"भिंत माही आहे ना भाऊ. काऊन येईन?"

तो थोडा हसला. मंग म्हणे, "कसं असते ते? काईच नाई येत म्हणजे? मले सांग ना. आजवर मी लोकाईले सांगत आलो, येते का नाई ते. नाई आलं तं कसं वाटते, हे नाई इच्यारलं कधी."

मले बोलणं जमत नाई. विटेबद्दल इच्यारा, सांगतो. मंग जे होतं ते सांगितलं.

"घरी जातो ना मी, कुलूप काढतो, दिवा लावतो, अन् वाटते आता आतून कोणी तरी इच्यारन का आले काय. कोणी इच्यारत नाई. तसं."

तो डब्यावरून माह्याकडे सरकला. मंग म्हणे, "मंग माहं बरं आहे गड्या. माह्याजवळ कोणी तरी आहे."

मी हसलो. तोही हसला. त्या खोलीत आमचं हसणं कुठंच गेलं नाई, तोंडातून निघालं अन् तिथंच पडलं.

तो उठला, दार उघडलं. ढोल धाडकन कानावर आला. ठेकेदारानं हात वर करून ढोल थांबवला अन् इच्यारलं, "काय भाऊ? येते?"

मी त्याच्याकडे पाह्यलं. खोलीतून निघताना त्याच्या कानात ती शिट्टी चालूच असन, मले माहीत होतं. त्याले "नाई येत" म्हणता आलं नसतं, तो खोटं बोलणारा नव्हता. अन् "येते" म्हणून माही भिंतही पाडणार नव्हता.

"मले काऊन इच्यारता," तो म्हणे. "मिस्त्रीले इच्यारा. भिंत त्याची आहे, कान बी त्याचाच धरा."

सगळे माह्याकडे पाहू लागले. बाईनं यंत्र खाली घेतलं.

"नाई येत," मी म्हटलं.

मजुराईनं घण उचलून परत गाडीत टाकले. ठेकेदार पुटपुटला का आधीच म्हटलं असतं तं. बाईनं माह्याशी हात मिळवला, माह्या हाताले सिमेंट होतं तरी. हा तोवर फाटकाबाहेर निघून गेलता. पिठाच्या चक्कीजवळ उभा दिसला, चहाचा पेला हातात. संध्याकाळी मी त्याच्या खोलीवर गेलो तं खोली रिकामी, कूलरही नव्हता. कोणत्या गाडीनं गेला कोणाले माहीत नाई. फोन लावला तं कधी उचलते. "हाव मिस्त्री, बरा आहे, तू बरा आहे ना," एवढं बोलते. मागं कायचा तरी मोठा आवाज राह्यते, त्याच्यात माहं बोलणं त्याले ऐकू येते का नाई, मी नाई इच्यारत.

सगळं आवरून लोकं गेल्यावर मी एकदा त्या खोलीत परत गेलो. म्हटलं, आपली भिंत आपण तं ऐकावी. दार लावलं, डब्यावर बसलो. काईच येत नव्हतं. अशी भिंत मी जन्मात बांधली नव्हती.

फार वेळ बसवलं नाई.